इंदूताईंचे बिननावाचे झाड

इंदूताई झाडाकडे आधी बघत नसत. आधी त्याच्या सालीला नख लावत. नवा वर्ग घेऊन कॉलेजच्या आवारात बाहेर पडल्या की पहिले काम हेच. ओरखडा काढायचा, बोट नाकाशी न्यायचे, चीक निघाला तर दोन बोटांत चोळून पाहायचा आणि मग मुलांना विचारायचे, "बोला, कोण आहे?" काय आहे असे नाही, कोण आहे. मुले गोंधळून फुले शोधू लागत. ताई दटावत, "फूल बघून कोणीही ओळखतं. फूल नसताना ओळखा."

सत्तरच्या दशकात मी नागपूरहून भंडाऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला आले. वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा आमच्या शेजारीच होती, आणि मधल्या भिंतीतून ताईंचा आवाज स्वच्छ ऐकू येई. बाहेर वैशाख पेटलेला, पत्र्यावर टाकलेले पाणी चरचरून उडून जाते आहे, आणि भिंतीपलीकडे ही बाई सांगत असे, की दक्षिणेच्या सदाहरित जंगलात दुपारी बारालाही अंधार असतो, अंगातला सदरा वाळत नाही आणि पायाखालची पाने कुजल्याचा गोडसर वास दिवसभर नाकात राहतो. हातातला बेडूक तसाच धरून मी ऐकत बसे.

त्या पवनीकडच्या एका खेड्यातल्या. घरची धानाची शेती. वडिलांनी गावाचे बोलणे सोसून मुलीला पुण्यापर्यंत शिकवले, आणि तिथून ताई सह्याद्रीच्या पार दक्षिण टोकाच्या सदाहरित जंगलात झाडांच्या वर्गीकरणाचे संशोधन करायला गेल्या. त्या काळी, एकटी मुलगी. तिथे असतानाच वडील वारले आणि त्या धक्क्यात आईला लकवा मारला. एकुलता भाऊ भिलाईला नोकरीला होता. ताई दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या. आईची डावी बाजू पुन्हा हलली नाही. ताईंनी भंडाऱ्यात नोकरी धरली, कॉलेजच्या मागच्या कुंपणाला लागून दोन खोल्या घेतल्या आणि आईला तिथे आणले.

त्या खोल्या आणि ती प्रयोगशाळा, एवढीच मग त्यांची दुनिया झाली. आईच्या उशाशी एक पितळी लोटा असे. काही लागले की ती उजव्या हाताने तो खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटायची. खिडक्या उघड्या असल्या की तो आवाज वर्गापर्यंत येई. ताई बोलता बोलता थांबत, खडू ठेवत आणि कुंपणातल्या फटीतून घरी जात. परत येऊन अर्धे राहिलेले वाक्य तिथूनच पुढे सुरू करत. विद्यार्थ्यांना त्याची सवय झाली होती. मला मात्र कधीच झाली नाही. लोटा वाजला की माझाही खडू फळ्यावर थांबे.

शिकवणे मात्र असे, की चाळीस वर्षांनीही मला ती वाक्ये आठवतात. "आपल्या जंगलात ऐन, धावडा, मोह, तेंदू, तीच तीच मंडळी भेटत राहतात," त्या सांगत. "तिथं एका झाडापाशी उभं राहून त्याच्या जातीचं दुसरं शोधा, लवकर सापडत नाही. शेजार भरपूर, अंगाला अंग लागून. पण सगळा परका." आणि तरी पाने बघावीत तर सारखीच. जाड, गुळगुळीत, पाणी ओघळून जावे म्हणून टोकाला लांब सोंड काढलेली. "एकाच पावसानं सगळ्यांना एकच कपडा शिवून दिला. कपड्यावरून माणूस ओळखाल काय?"

एकदा सहलीत त्यांनी बीजा नावाच्या झाडाच्या खोडाला चीर दिली. आतून रक्तासारखा लाल चीक आला. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, जायफळाच्या झाडातूनही असाच येतो म्हणाला होता ना तुम्ही? मग दोघं एका कुळातले?"

"नाही रे," ताई म्हणाल्या. "हा शेंगांच्या कुळातला. रक्त लाल म्हणून नातं जुळत नाही. नातं फळात बघायचं."

फळाचा विषय निघाला की त्या घाईने पुढच्या झाडाकडे वळत. कारण मला हळूहळू कळले. त्या दक्षिणेच्या जंगलात, एका ओढ्याकाठच्या दलदलीत, त्यांना जायफळाच्या कुळातले एक झाड सापडले होते. चिखलातून कमानीसारखी वर आलेली मुळे, लालभडक चीक, कूळ उघड होते. पण पाने माहीत असलेल्या कुठल्याच जातीशी जुळेनात. फुले आणि फळे हाती आल्याशिवाय त्याला नाव देता येणार नव्हते, आणि नेमकी ती येण्याच्या दिवसांत ताईंना गावाहून तार आली होती. त्या झाडाची वाळवलेली फांदी कॉलेजच्या कपाटात होती. खालच्या चिठ्ठीवर कुळाचे नाव लिहिलेले आणि पुढची जागा कोरी.

काही वर्षांनी त्यांचे मार्गदर्शक भंडाऱ्याला आले. आम्ही त्यांना मोठे सर म्हणत असू. कलकत्त्याला जाताना वाट वाकडी करून ते ताईंच्या खोलीवर आले, लोखंडी खुर्चीत अवघडून बसले आणि चहा हातात घेऊनच म्हणाले, "इंदू, त्या खोऱ्यात धरण होतंय. भिंत जवळजवळ झाली. तुझ्या ओढ्याकाठची झाडं यंदा फळांवर आहेत, मी लांबून पाहून आलो. दलदलीत उतरून त्यांतलं तुझं झाड दाखवशील तर तूच. परतीच्या गाडीनं मी येतो, तू वरठी स्टेशनात माझ्या डब्यात चढ. महिनाभराचं काम आहे."

खाटेवरून आईने विचारले, "कुठं जाऊन राहिली वं इंदे?"

"कुठं नाई, माय."

"जा ना. म्या काय धरून ठेवली तुले?"

भिलाईहून भावजय आली. चांगली बाई होती, मनापासून आली होती. ताईंनी तिला सगळे दाखवले, औषधे, कूस बदलण्याच्या वेळा. ठरल्या दिवशी सकाळी मी त्यांची पिशवी घेऊन बसस्टँडवर गेले. ताईंच्या अंगावर जाड सुती सलवार-कमीज होता. साडीखेरीज इतर पोशाखात मी त्यांना तेव्हाच पाहिले. एकदम वेगळ्या, तरुण दिसल्या. वरठीची एसटी लागली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. कंडक्टरने दार ओढायच्या आत उठून खाली उतरल्या.

"काय झालं?"

"सकाळी वहिनीनं घास भरवला तर मायनं तोंड मिटून घेतलं."

"ताई, एक वेळ नाही खाल्लं म्हणून काय झालं? भूक लागली की खातील."

"नाई खाणार," त्या म्हणाल्या. "मले माहीत आहे. नाई खाणार." आणि पिशवी माझ्या हातातच ठेवून उलट चालू लागल्या.

मग मीच त्या एसटीत बसले. मोठ्या सरांना कोणी तरी सांगायला हवे होते. वरठीच्या फलाटावर गाडी जेमतेम थांबली. सर दारातच उभे होते आणि माझ्या मागे कोण आहे ते बघत होते. मी नुसती मान हलवली. ते रागावले नाहीत. "तिला सांग, पुढल्या पावसाळ्यात पाणी चढेल," एवढेच म्हणाले, आणि गाडी हलली.

मला त्या म्हातारीचा संताप येई. एकदा ताई दुकानात गेल्या असताना मी तिच्याजवळ बसले होते. तिने माझे मनगट धरले. "तू माह्यावर चिडून आहेस, मले दिसते. म्या काय करू, माय? दुसऱ्याच्या हातचा घास घशातच अडकते. लय गिळून पाहिलं." तिच्या डोळ्यांतून पाणी आले, पण ते डाव्या गालावरून ओघळते आहे हे तिला कळलेसुद्धा नाही. मी पदराने पुसले. त्या दिवसापासून मला कोणावर रागवावे ते कळेनासे झाले. त्या दोन खोल्यांत दोघीही अडकल्या होत्या.

ऐंशीच्या दशकात म्हातारी गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ताई त्या धरणावर जाऊन आल्या, एकट्या. आल्यावर माझ्या घरी बसून सांगितले. एका कोळ्याने त्यांना होडीतून नेले होते. पाण्यातून झाडांचे नुसते शेंडे वर आले होते, वाळून पांढरे पडलेले. "ज्या फांद्यांपर्यंत माणूस कधी पोचू शकत नव्हता, त्या होडीतून हाताला लागत होत्या. मी एकेक धरून पाहिली. पान नाही, साल नाही, वास नाही. सगळी सारखीच." "माझं झाड त्यात असेल किंवा नसेल," म्हणाल्या, आणि उठून माझ्या मोरीत हात धुऊन आल्या.

मी म्हटले, "आता तरी कुठल्या जिवंत जंगलात जा. कोण अडवतंय?"

"कोणी नाई," त्या म्हणाल्या. "हेच तर अवघड जाऊन राहिलं."

तरी वर्ष-दोन वर्षांनी त्यांनीच शेवटच्या वर्षाची सहल ठरवली. दुसऱ्या एका खोऱ्यातले सदाहरित जंगल, अजून उभे असलेले. मुलींच्या वडिलांची मनधरणी, रेल्वेची तिकिटे, वनखात्याची परवानगी, सगळे स्वतः केले. मुलींसोबत मी जायचे होते. ताई त्या दिवसांत चक्क गुणगुणत असत.

निघायच्या आदल्या दिवशी वंदना नावाची विद्यार्थिनी आली नाही. लाखांदूरकडची, हुशार, झाडांचे वेड घेतलेली मुलगी. ताई मला घेऊन एसटीने तिच्या गावी गेल्या. वंदनाची आई तलावाच्या पाळीवर पाय घसरून पडली होती आणि पायाला प्लास्टर होते. वडील खळ्यातून उठून आले. धानाची चुरणी, म्हणजे मळणी, अर्धी पडलेली, घरात दुसरे बाईमाणूस नाही.

"म्या नाई म्हणत नाई, मॅडम," ते हात जोडून म्हणाले. "पण पोरगी गेली त इच्या मायले उचलील कोण?"

वंदना चुलीशी पाठ करून बसली होती. तिने एकदाही वळून पाहिले नाही. ताईंनी त्या पाठीकडे पाहिले, मग खाटेवर पडलेल्या तिच्या आईकडे.

"मी राहते," त्या म्हणाल्या.

मी त्यांना हाताला धरून अंगणात नेले. "ताई, वेड लागलं काय? ही सहल तुमची आहे. आपण एखादी बाई ठेवू, काही तरी करू!"

"एका दिवसात कुठली बाई? आणि त्या माउलीले लाज वाटेल परकीची." मग माझा हात सोडवून घेत शांतपणे म्हणाल्या, "मले या कामाची सवय आहे."

तो त्याग होता, की उघड्या दारातून बाहेर पडण्याची भीती, हे मला त्या दिवशी कळले नाही. आजही कळत नाही. मी वंदनाला घेऊन गेले.

परतल्यावर तिला पोचवायला मी तिच्या गावी गेले. ताई अंगणात वंदनाच्या आईची वेणी घालत होत्या. दोघी कशाला तरी हसत होत्या. वंदना पिशवी टाकून धावत आली आणि खाली बसून भडाभडा सांगू लागली, किती जाती पाहिल्या, किती ओळखल्या, किती ओळखता आल्या नाहीत. ताईंचे हात वेणीतच होते. सगळे ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारले.

"वर पाहून पाहून मान दुखली काय वं?"

"दुखली, मॅडम."

"लय?"

"लय," वंदना म्हणाली.

"हाव," ताई म्हणाल्या, "दुखतेच." आणि दाताने रिबीन धरून त्यांनी वेणीची गाठ मारली.