आत्याबाईंचं आणि माझं सामान्यज्ञान

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हा सासरच्या बायकांत माझ्याइतकं शिकलेलं कोणी नव्हतं. ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नाही तर काय, याची मला सारखी काळजी असे. वडील अकोल्याला शाळामास्तर. त्यांनी मला मराठी सातवी करवली होती आणि वर घरी बसवून थोडं इंग्रजीही शिकवलं होतं. तेवढ्या शिदोरीवर मी एकदा बाजारात बटाटेवालीला सांगितलं, की बटाटा मुळात आपला नाही, तो अमेरिकेतून आला. ती म्हणाली, "इतक्या दुरून आला तं मंग इतका सस्ता कसा?" याचं उत्तर मला कोणी शिकवलं नव्हतं. मी अर्धा शेर बटाटे घेतले आणि घरी आले.

घरात आम्ही तिघंच. हे नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे त्यांचा संत्र्यांचा धंदा सासूबाई चालवत. त्यांना मी आत्याबाई म्हणे. शेंदूरजनाघाटच्या बागा फुलावर असतानाच पाहून यायच्या, माल गाडीवर घालून अमरावतीला आणायचा, दलालाशी भांडायचं, हे सगळं त्या एकहाती करत. शाळेची पायरी त्या चढल्या नव्हत्या आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. चंद्रसूर्यापासून सरकारपर्यंत सगळ्यांविषयी त्यांची ठाम मतं होती, आणि ती त्यांनी कोणाला विचारून बनवलेली नव्हती.

एका संक्रांतीच्या आधी माझा भाऊ कामानिमित्त अमरावतीला आला आणि बातमी देऊन गेला. अकोल्याच्या महिला मंडळानं तिळगुळाच्या समारंभाला सामान्यज्ञानाची स्पर्धा ठरवली होती. स्पर्धा सासूसुनांच्या जोड्यांची. प्रश्न विचारला की सुनेनं उत्तर सासूच्या कानात सांगायचं आणि सासूनं ते मोठ्यानं बोलायचं. मोठ्या वयाच्या बायका सभेत तोंडच उघडत नाहीत, त्यांनी ते उघडावं, असा मंडळाचा हेतू होता. तो ऐकून आमचे हे जरा हसले. आपल्या आईला ते चांगलं ओळखत होते.

भावानं सांगितलं, की माझी आई आणि वहिनी, म्हणजे त्याची बायको, यांनी नाव दिलं आहे. बाहेरगावच्या जोड्याही चालणार होत्या. मी त्याच्याच हाती आमचंही नाव पाठवलं. बक्षीस पितळी स्टोव्ह होता, पण माझं मन स्टोव्हवर नव्हतं. वहिनी माझ्यापेक्षा दोन इयत्ता कमी शिकलेली होती आणि तरी माझ्या माहेरी वर्तमानपत्र आता ती वाचून दाखवत असे. हे मला टोचत होतं.

आत्याबाई नाही म्हणतील अशी मला भीती होती. त्या म्हणाल्या, "चाल. अकोल्याले संत्र्याचा भाव काय चालू आहे, तेबी पाहाले भेटन."

मग महिनाभर आमच्या घरी सामान्यज्ञान शिजलं. हे जेवता जेवता मला प्रश्न विचारत, मी भाकरी थापता थापता उत्तरं देत असे. सर्वांत मोठा महासागर, सर्वांत मोठं वाळवंट, कोणत्या देशाची कोणती राजधानी. दोन भाकरी तव्यावर जळाल्या, तेव्हा हे म्हणाले की जळण्याचं शास्त्रीय कारणही एकदा पाहून ठेव. आत्याबाई एका बाजूला संत्री निवडत बसलेल्या असत. मधूनच त्या मान वर करून "हे खोटं आहे" असं म्हणत आणि पुन्हा निवडायला लागत. मी तिकडे लक्ष दिलं नाही. मला वाटलं, उत्तर माझं, तोंड त्यांचं. तोंडाला मत कशाला लागतं?

संक्रांतीनंतर आम्ही दोघी अकोल्याला गेलो. बरोबर हंगामातल्या शेवटच्या संत्र्यांची टोपली होती. माझी आई आणि आत्याबाई यांची लग्नानंतर नीट भेट झालीच नव्हती. लग्नात माझ्या माहेराकडून आलेलं विहिणीचं पातळ आत्याबाईंना हलकं वाटलं होतं आणि त्यांनी ते मांडवातच बोलून दाखवलं होतं. त्यामुळे आईनं टोपली घेतली, पाणी दिलं, आणि दोघी एका चटईच्या दोन टोकांना बसून प्रवास कसा झाला यावर फार वेळ बोलल्या. बडनेऱ्याला गाडी धरून अकोल्यापर्यंतचा प्रवास तो, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

स्पर्धा दुपारी एका शाळेच्या दालनात होती. खाली सतरंज्या, समोर टेबल, टेबलावर तो स्टोव्ह. प्रश्न विचारायला मंडळाच्या अध्यक्षीणबाई होत्या, एका डॉक्टरांच्या पत्नी, नागपूरकडच्या. अतिशय शुद्ध बोलत. सहासात जोड्या होत्या. माझी आई जरीकाठी लुगडं नेसून वहिनीशेजारी अगदी ताठ बसली होती. मी आमच्या जागेवर बसल्या बसल्या हॉलमधल्या ओळखीच्या बायकांना मान हलवून दाखवली, जणू मी कीर्तनकार आहे आणि त्या ऐकायला आल्या आहेत.

आमची पाळी आली. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, पृथ्वी मोठी की सूर्य?

इतका सोपा प्रश्न आल्यामुळे मला जरा अपमानच वाटला. मी आत्याबाईंच्या कानात म्हटलं, "सूर्य."

आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "पृथ्वी."

मला वाटलं त्यांनी ऐकलं नाही. पण अध्यक्षीणबाईंनी उत्तर चूक म्हटल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. सूर्य ताटाएवढा दिसतो. अमरावतीहून शेंदूरजनाघाटाला जायचं तर बैलगाडीला अख्खा दिवसही पुरत नाही, आणि तेवढी वाट तर पृथ्वीचा एक कोपराही नाही. आता मोठं काय, हे बाईंनीच ठरवावं. सतरंजीवरच्या बऱ्याच बायकांना हे पटलं, असं मला त्यांच्या तोंडावरून दिसलं.

दुसऱ्या फेरीत विचारलं, चंद्राला स्वतःचा प्रकाश असतो का? मी "नाही" म्हटलं. आत्याबाई "आहे" म्हणाल्या. कालच रात्री त्यांनी त्या उजेडात आईच्या अंगणात हात धुतले होते. तिसऱ्या फेरीत देवमासा आला. तो मासा आहे का? मी कानात सांगितलं, की नाही, तो पिलांना दूध पाजतो. आत्याबाईंनी उत्तर देण्याआधी माझ्याकडे इतक्या काळजीनं पाहिलं, की मला ताप आला आहे असं त्यांना वाटत असावं. मग त्या म्हणाल्या, "मासाच आहे. पोरीची तब्येत बरी नाई."

तिकडे आई मात्र वहिनीनं कानात सांगितलेलं जसंच्या तसं बोलत होती. घरी वहिनीनं भाजीत मीठ किती घालावं याबद्दल एक शब्द काढला तरी आई तिला गप्प करायची, आणि इथे सहारा म्हण म्हटलं की सहारा म्हणत होती. गुण वाढत चालले होते. आमच्या नावापुढे काहीच नव्हतं. मघाशी मान हलवून दाखवलेल्या बायकांकडे पाहायचं मी आता टाळत होते.

तिळगुळासाठी मधे सगळ्या थांबल्या तेव्हा मी आत्याबाईंना कोपऱ्यात नेलं. मी त्यांच्याशी कधी वरच्या आवाजात बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाही, कारण रडूच आलं. मी म्हटलं, की हे माझं माहेर आहे, इथे मी लहानाची मोठी झाले, सगळ्या मला मास्तरांची हुशार मुलगी म्हणून ओळखतात. तुम्हाला पटो न पटो, मी सांगते तेवढंच म्हणा. एवढं करा.

आत्याबाईंनी लाडू तोंडात टाकला, खाऊन संपवला, आणि म्हणाल्या, "बरं. आता तू म्हनशीन तेच म्हनीन. रडू नको. काजळ उतरून राहिलं."

त्यांनी शब्द पाळला. सांगितलेलं उत्तर त्या आता इतक्या खणखणीत आवाजात देत, की बाजारात लिलाव चालला आहे असं वाटावं. महासागर बरोबर आला, हाडांची संख्या बरोबर आली. कागदोपत्री वऱ्हाडाचा धनी कोण, असं विचारलं तेव्हा मी "निजाम" सांगितलं. त्या "निजाम" म्हणाल्या, आणि राहवलं नाही म्हणून "कागदावर" असं हळूच जोडलं. अध्यक्षीणबाईंनी तेही बरोबर धरलं. बाकीच्या जोड्या मागे पडत गेल्या, वहिनीचीही काही उत्तरं चुकली आणि शेवटी आमचे आणि आईच्या जोडीचे गुण सारखे झाले. माझी मान पुन्हा आपोआप वर आली.

मग शेवटचा प्रश्न. तो आधी आम्हाला, चुकलो तर त्यांना. मध्यप्रांत-वऱ्हाडचे गव्हर्नरसाहेब उन्हाळ्यात आपला कारभार नागपुराहून कोणत्या थंड हवेच्या ठिकाणी हलवतात?

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आमच्या अमरावतीचे साहेब लोक उन्हाळा लागला की परतवाड्यावरून वर जातात, हे मी ऐकलं होतं, त्यांच्या मोटारी जाताना पाहिल्या होत्या. लहान साहेब जिथे जातात तिथेच मोठाही जाणार. महिनाभराच्या अभ्यासात हा प्रश्न आला नव्हता, पण मला तो न शिकता येत होता, याचा मला केवढा आनंद झाला. मी आत्याबाईंच्या कानात जवळजवळ ओरडलेच.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चिखलदरा."

अध्यक्षीणबाईंनी मान हलवली आणि आईकडे वळल्या. वहिनीनं आईच्या कानात काहीतरी सांगितलं. आई म्हणाली, "पचमढी." टाळ्या वाजल्या.

वहिनी माझ्याकडे पाहून म्हणाली, "वन्सं, चिखलदरा?" ती फार हळू बोलली, पण दालन अगदी शांत झालं होतं. मागे दोघीतिघी हसल्या. आईलाही स्टोव्हचा आनंद विसरून लाज वाटली असावी. ती म्हणाली, की मास्तरांच्या मुलीला एवढं येऊ नये? मी उठायला लागले. उठून मी काय म्हणणार होते ते मला आजही माहीत नाही, कारण तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्या पायावर पाय ठेवला.

"पोरीनं बरोबर सांगतलं होतं," त्या आईला म्हणाल्या. "तिनं पचमढीच म्हनलं. मीच चुकली. मले ते पचमढी नाव म्हनताच येत नाई, जीभच वळत नाई माही."

हे बोलताना त्यांनी पचमढी दोनदा म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा माझ्या आईपेक्षा स्वच्छ. अध्यक्षीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं आणि स्टोव्ह आईपुढे सरकवला. मी बसून राहिले. आत्याबाईंचा पाय माझ्या पायावर होता हे खरं, पण त्यांना तो फार जोरानं दाबावा लागला नाही.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. आई स्टेशनवर पोचवायला आली. एरवी विहीण म्हणून तिनं दारातूनच निरोप दिला असता. फलाटावर तिनं आत्याबाईंचा हात धरला आणि पुन्हा या म्हणाली. ती तो हात काही वेळ सोडत नव्हती. आईला आपल्या मुलीचं ज्ञान किती, हे चांगलं ठाऊक होतं. तिला सगळं कळलं होतं.

गाडीनं मूर्तिजापूर मागे टाकलं. मग मी विचारलं, की तुम्ही चूक आपल्यावर का घेतली?

आत्याबाई टोपली रिकामी झाली म्हणून ती उपडी करून तिच्यावर पाय ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "घरात तुले मी हजार बोलीन. पन तुह्या मायच्या समोर तुले कोनी हासावं, हे मले नाई पटत. सून कोनाची आहे तू?"

मी म्हटलं, "तुमची."

"मंग झालं," त्या म्हणाल्या, आणि अकोल्याला संत्र्याचा भाव अमरावतीपेक्षा बरा आहे, हे मला सांगू लागल्या.

घरी पोचल्यावर यांनी विचारलं कसं झालं, तेव्हा आत्याबाईंनी "माह्या जिभेनं हरलो" एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी वाढताना मी यांना खरं काय ते सांगितलं. यांचा घास हातातच राहिला. "चिखलदराच ना मग?" हे म्हणाले. ज्या गुरूकडे मी महिनाभर शिकले तो गुरू हा असा होता. हे शाळेत जाऊन कोणाला तरी विचारून आले तेव्हा कुठे यांना पटलं.

आत्याबाईंनी घराबाहेर ही गोष्ट कधी नेली नाही. पण हजार बोलेन म्हणाल्या होत्या, तो शब्दही त्यांनी पाळला. वरणाला हळद पुरे, दूध उतू जाणार नाही, पाऊस आज येत नाही, असं काही मी फार खात्रीनं बोलले की त्या नुसतं "चिखलदरा" म्हणत आणि कामाला लागत. दूध हटकून उतू जाई.

पण खरी पंचाईत निराळीच झाली. पुढच्या हंगामापासून आत्याबाई माल घेऊन अकोल्याला जाऊ लागल्या आणि मुक्काम माझ्या आईकडे करू लागल्या. त्या दोघींचं असं जमलं की आई पत्रात माझ्याआधी त्यांची खुशाली विचारी. एकदा मी आत्याबाईंवर रागावून माहेरी गेले. हातपाय धुतले, चटईवर बसले, आणि सासूची गाऱ्हाणी सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील. आई म्हणाली, की विहीणबाईंना खोकला झालाय असं ऐकलं, बरा आहे का? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. आई माझ्याकडे पाहतच राहिली. सासूला खोकला आहे की नाही हे सुनेला ठाऊक नाही, याहून मोठं अज्ञान तिनं पाहिलं नसावं. तिनं आवळ्याच्या मुरंब्याची बरणी फडक्यात बांधली, माझ्यापुढे ठेवली, आणि सकाळच्या गाडीनं परत जा म्हणाली.