सरकार आधी, निवडणूक नंतर

पुस्तकं शिवण्यातच ज्यांचा जन्म गेला, त्या सुईकाकांनी काम सोडल्यावर पहिल्यांदाच स्वतःसाठी एक पुस्तक घेतलं. ग्रंथालयाने काढून टाकलेला, युद्धानंतरच्या राजकारणाचा जाडजूड इतिहास. जुन्या पुस्तकांचा दुकानदार म्हणाला, "काका, आयुष्यभर पुस्तकांची पाठ शिवलीत, आता पोटात काय असतं तेही बघा."

काका खिडकीपाशी बसून वाचू लागले. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी डोकं गरगरू लागलं. पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि दहा पानांनंतर त्यांचा शपथविधी. तह आधी मोडला, मग त्यावर सह्या झाल्या. एक वाक्य अर्ध्यावर सुटलं, तर पुढच्या पानावर भलत्याच माणसाचा अंत्यविधी. पानांचे आकडे बघावेत, तर तेही छाटलेले.

"अहो, तेच पान कितीदा वाचता?" बायकोने विचारलं.

काकांनी पुस्तक मिटलं. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी वर्तमानपत्र कळेना, मग घरचा रस्ता, शेवटी घरची माणसं.

"राजकारण आहे ते," बायको म्हणाली. "भल्याभल्यांना कळत नाही, तुम्ही कोण लागून गेलात?" पण तिचा आवाज जरा पडलाच होता.

दुपारी काकांनी सवयीने शिवणीवरून बोट फिरवलं. दोऱ्याची गाठ डावीकडे वळलेली. त्या भागात डावखुरा शिवणारा एकच होता. त्यांनी पुठ्ठा सोडवून पाहिलं. सोळा-सोळा पानांचे फर्मे त्यांनी स्वतःच मागेपुढे शिवले होते, आणि कडा सारख्या करताना आकडेही उडवले होते.

"अगं, डोकं ठीक आहे माझं."

बायको खुर्चीत टेकली. "मग चेहरा का असा?"

"हे शिवताना ते कुठे होतं, कळत नाही. अशी किती पुस्तकं गेली असतील हातून?"

"कुणी तक्रार केली?"

"एकानेही नाही."

"मग वाचलंच नसेल कुणी."

यावर हसावं की रडावं, काकांना कळेना. त्यांनी दोरा कापला, फर्मे पलंगभर पसरले.

"तुला काय वाटतं, सरकार आधी पडलं की निवडणूक आधी झाली?"

"मला काय विचारता? शिवलंत तुम्ही."

अंत्यविधीचा फर्मा हातात धरून काका पलंगाभोवती दोनदा फिरले. तो कुठे ठेवावा, हे काही केल्या ठरेना.