पत्र्यातले भोक

डेल क्विगली अपघात हा शब्द छापू देत नसे. टोलनच्या साप्ताहिकात दर गुरुवारी त्याचे सदर येई, आणि ते टाइप करण्याचे काम माझे होते. सोमवारी सकाळी तो पिवळ्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेला मजकूर घेऊन यायचा. टोपी न काढता टेबलासमोर उभा राहायचा आणि मी वाचत असताना माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. मी हसले, की मजकूर मऊ पडला असा त्याला संशय येई. मग तो कागद परत मागायचा.

टोलन म्हणजे वायोमिंगमधली चारशे माणसे, एक कॅफे, दोन चर्च आणि वारा. डेल एकाहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षे त्याने बोअर खणल्या. पाणी लागले नाही तर निम्मे पैसे परत करायचा आणि वर सुनावायचा, की इथे पाणी नाही हे तुमच्या आजोबांना माहीत होते, त्यांना का नाही विचारले. निवृत्त झाल्यावर त्याने जमिनीऐवजी माणसे खणायला घेतली.

शाळेच्या क्रीडादिनावर त्याने लिहिले: पदक सगळ्यांनाच द्यायचे तर शर्यत कशाला, रांग लावा. गुरे पाळणाऱ्या शेजाऱ्यांवर लिहिले: दुष्काळाचा सरकारी चेक घेणारा आणि सरकारला शिव्या घालणारा एकाच खुर्चीत बसतो, आणि ती खुर्ची हप्त्यावर घेतलेली असते. त्यानंतर त्याचा मेव्हणा त्याच्याशी बोलेनासा झाला. डेलच्या मते हा सदराचा फायदा होता. बंदूक बघून घेरी येणाऱ्या शहरी लोकांची त्याला कीव येई. पण कमरेला पिस्तूल लटकावून दुकानात येणाऱ्या आपल्याच लोकांना तो त्याहून हलके समजे. ज्याला दूध आणायला बंदूक लागते त्याने गाय पाळावी, असे त्याने लिहिले. ते कापून कुणीतरी कॅफेत चिकटवले. कुणीतरी फाडले.

मी साहित्याची पदवी घेऊन गावी परतले, तेव्हा तो म्हणाला, "कर्ज काढून कविता वाचल्यास? वाचनालयात फुकट होत्या." तिथून आमची मैत्री. शिकारीच्या दिवसांत तो माझ्या दारात हरणाचे मांस ठेवून जाई. पदवीने फ्रिज भरत नाही, अशी चिठ्ठी सोबत असे.

त्याची बायको आर्डिथ चार वर्षांपूर्वी गेली. तिने ओसरीत हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची बाटली टांगली होती. ती तो दर दोन दिवसांनी धुऊन भरायचा. भरताना पक्ष्यांना ऐतखाऊ म्हणायचा.

वेड प्रुइटबद्दल आधीच सांगायला हवे. अकरा वर्षांपूर्वी वेडने पिकअपच्या सीटवरून रायफल बाहेर ओढली. ती दाराला आपटली आणि गोळी सुटली. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटे गेली. डेलने नावासकट लिहिले. मथळा होता, 'मूर्खाला दहा बोटे जास्तच होतात'. वर्षभर कॅफेत वेड आला की लोक टेबलावर नाणी ठेवायचे, नव्या बोटांसाठी. मग तो कॅफेत येईना. आता तो हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला बंदुका दुरुस्त करतो. डेल आपल्या बंदुका साठ मैलांवर नेई.

शिकारीचा परवाना हवा तर आमच्याकडे आधी सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. टोलनमध्ये तो वर्ग सव्वीस वर्षे डेल घेत होता, अग्निशमन दलाच्या शेडमध्ये. वन्यजीव खात्याने वर्गासाठी नारिंगी रंगाच्या खोट्या रायफली पाठवल्या होत्या. त्यांत काडतूस बसत नाही. डेलने ते खोके उघडलेही नव्हते. तो आपल्या वडिलांची रायफल आणायचा. सगळ्यांसमोर काडतुसाच्या जागेवरचा बोल्ट मागे ओढून उघडायचा, आत करंगळी घालायचा आणि म्हणायचा, "रिकामी." मग पुढचा शब्द.

मे महिन्यातल्या त्या शनिवारी पंधरा मुले होती आणि काहींचे आईबाप. मी हजेरी घेत होते. पवनचक्क्यांवर कामाला आलेला एक नवा माणूस मुलीबरोबर आला होता. डेल रायफल घेऊन उभा राहिला, तेवढ्यात त्या माणसाने नम्रपणे विचारले, की नारिंगी रायफली का वापरत नाही.

डेलला असे प्रश्न आवडत. तो त्या माणसाकडे वळला. तुमच्याकडे सायकलही बहुधा भिंतीला बांधूनच शिकवत असतील, म्हणाला. लोक हसले. खेळण्यावर शिकलेला माणूस बंदुकीशी खेळतो, म्हणाला, आणि वाक्य संपवताना रायफलचा दस्ता फरशीवर ठोकला.

गोळी सुटली.

नळीचे तोंड वर होते. सव्वीस वर्षांच्या सवयीने ते वरच होते. छताच्या फळीला भोक पडले, वरच्या पत्र्यालाही. कॉफीत भुसा पडला. एक मुलगी कान धरून बसली. डेलने बोल्ट उघडला. रिकामे काडतूस फरशीवर पडले आणि घरंगळत माझ्या खुर्चीपाशी आले. पहाटे त्याने कोंबड्यांवर आलेल्या कोल्ह्यावर गोळी झाडली होती, आणि पुढचे काडतूस आत चढवून ठेवले होते. त्या दिवशी बोल्ट उघडायच्या आधी त्याला चेष्टा करायला माणूस मिळाला.

त्याने रायफल टेबलावर ठेवली. "वर्ग संपला," तो म्हणाला. "घरी जा. जे पाहिलंत ते जसंच्या तसं सांगा." आणि रायफल तिथेच टाकून चालत निघून गेला.

दुपारपर्यंत गावात एकच प्रश्न होता. गुरुवारी डेल काय लिहिणार?

आमची संपादक मार्लिस म्हणाली, या आठवड्यात सदर नको, त्या जागी माझ्या ॲपल पायची पाककृती टाकू. मी चार ओळींची बातमी तयार केली. वर्गात अनवधानाने रायफलमधून गोळी सुटली, कुणालाही इजा नाही. चांगली बातमी होती. तिच्यात एकही माणूस नव्हता.

मग मी आणखी एक गोष्ट केली, डेलला न विचारता. ती रायफल वेडकडे नेली.

वेडने ती खोलून पाहिली. जुळवली, रिकामी असल्याची खात्री केली आणि दस्ता लाकडी ओट्यावर ठोकला. आतून टक् असा आवाज आला.

"आतून झिजलीय," तो म्हणाला. "चापाला हात न लावता सुटते. माझीही अशीच होती. मी सांगितलं होतं त्याला. छापलं नाही त्याने."

त्याने ते सगळे दुकानाच्या कागदावर लिहिले आणि खाली सही केली. मी कागद हातात घेऊन उभी राहिले. शेवटी विचारले, की हे का करतोस.

"अकरा वर्षं वाटत होतं, असा कागद मला कुणीतरी लिहून द्यावा."

डेल ओसरीत बाटली भरत होता. मी रायफल भिंतीला टेकवली आणि आधी बातमी दिली. त्याने वाचली.

"कुणाचं अनवधान? नाव कुठाय? चार वर्षं शिकून हे लिहितेस?"

मग वेडचा कागद दिला. तो त्याने दोनदा वाचला.

"मग काडतूस आत कुणी घातलं? वेडने?"

"तुम्ही चापाला हात लावला नव्हता. सगळ्यांनी पाहिलंय."

"मी बोल्ट उघडला नव्हता. तेही सगळ्यांनी पाहिलंय."

त्याने बाटली आकड्याला अडकवली. ती हलायची थांबेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला. मी विचारले, की वेडने तेव्हा खरेच हे सांगितले होते का.

"सांगितलं होतं. रुग्णालयातून फोन करून. मी ऐकलं आणि लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सदर मऊ पडलं असतं."

सोमवारी तो साप्ताहिकात आला नाही. कागद घेऊन आधी वेडच्या दुकानात गेला. मला बोलावले होते, साक्षीला असेल. वेड ओट्यामागून बाहेर आला नाही.

"माफी मागायला आलात की शिव्या द्यायला?"

"दोन्ही," डेल म्हणाला आणि कागद पुढे सरकवला.

मजकूर छोटा होता. शनिवारी डेल्बर्ट क्विगलीने, म्हणजे मी, भरलेली रायफल मुलांच्या वर्गात आणली आणि तपासली नाही. तिचा चाप झिजलेला होता. ते कारण नव्हे. चाप झिजतातच, म्हणून तर बोल्ट उघडायचा असतो. अकरा वर्षांपूर्वी वेड प्रुइटचा चापही झिजलेला होता. हे मला माहीत होते आणि मी ते लपवले. वेडचा मूर्खपणा दोन बोटांचा होता. माझे लिखाण खोटे होते. आता या गावात दोन मूर्ख आहेत, वेड प्रुइट आणि मी. मी वर्ग सोडला आहे.

वेडने वाचायला बराच वेळ घेतला.

"दोन मूर्ख हे काढा."

"नाही काढणार."

"मग क्रम बदला. पहिलं नाव तुमचं."

डेलने कानामागची पेन्सिल काढली आणि क्रम बदलला. वेड नाकातून हसला. हात मिळवला नाही. डेलनेही पुढे केला नव्हता. जाताना त्याने रायफल ओट्यावर ठेवली आणि चाप बदलायला किती होतील ते विचारले. वेडने दीडपट आकडा सांगितला. घासाघीस न करता डेलने पैसे मोजले.

गुरुवारी अंक निघाला आणि गावाने डेलला ताबडतोब माफ केले. हे मला अजून पचलेले नाही. कॅफेत लोकांनी त्याची पाठ थोपटली. त्याच्या ओसरीत तीन बायकांनी भाजलेल्या बटाट्यांची भांडी आणून ठेवली. प्रामाणिक माणूस, असे पाद्री प्रवचनात म्हणाला. कुणी नाणे ठेवले नाही. वेडला वर्षभर कुरतडणारी तीच तोंडे होती ती. वेडला कुणी काही म्हणाले नाही. त्याच्या नावाची ओळ कुणाला दिसलीच नसावी.

डेलने बटाटे कोंबड्यांना घातले. "या गावाला लाजही सारखी वाटून देता येत नाही," तो मला म्हणाला.

छतावर तोच चढला. पत्र्याचे भोक त्याने बुजवले. खालच्या फळीचे तसेच ठेवले. पाणी येऊ नये, पण दिसावे, असे त्याने दलाच्या प्रमुखाला सांगितले.

ऑगस्टमध्ये खात्याने वर्ग घ्यायला एक तरुण मुलगी पाठवली. तिच्या नाकात चांदीचे कडे होते. अशा कड्यांवर डेलने पूर्वी एक सदर खर्ची घातले होते, त्यात एका बैलाचाही उल्लेख होता. त्याच्या वयाच्या माणसाला हा वर्ग कायद्याने माफ आहे. तरी तो आला. घडीच्या खुर्चीवर, दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या रांगेत बसला. नाव लिहिताना मी वर पाहिले नाही.

त्याची पाळी आली. शिकवणाऱ्या मुलीने नारिंगी रायफल त्याच्या हातात दिली. त्याने नळीचे तोंड वर केले, बोल्ट उघडला आणि आत करंगळी घातली.

"आजोबा, त्यात गोळी बसतच नाही," शेजारचा पोरगा म्हणाला.

डेलने त्याच्याकडे पाहिले.

"रिकामी," डेल म्हणाला.

सोमवारी तो पिवळा कागद घेऊन आला. टोपी न काढता उभा राहिला. मी वाचू लागले. नाकात कडे घालणाऱ्या माणसाकडून मी काही शिकेन असे मला वाटले नव्हते, त्याने लिहिले होते. फारसे शिकलोही नाही. बंदूक धरायचे तिला कळते, इंग्रजी बोलायचे कळत नाही. पण माझ्या हातून रायफल परत घेतल्यावर तिने स्वतः बोल्ट उघडून पाहिला. मी तिच्यासमोर आत्ताच पाहिलेला असताना. माझ्यावर विश्वास न ठेवणारे या गावात दुसरे कुणी उरलेले नाही.

मी हसले.

त्याने कागद परत मागितला.