डिफ्यूझर आणि सासूबाईंचे डोळे

फोटोग्राफीचा नाद असलेली तीन माणसं एका ऑफिसात जमली की फोटो थोडे निघतात आणि किस्से ढीगभर! जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या आमच्या ऑफिसात अशी तिघं आहोत: मी, अभिजित आणि शिरीष. गेल्या नोव्हेंबरात आम्ही एका डिफ्यूझरपायी इतके किस्से जमवले की जेवणाच्या सुट्टीत अजून पुरतात.

डिफ्यूझर म्हणजे फ्लॅशच्या तोंडावर बसवायचं आवरण. त्यानं उजेड मऊ होतो. तो हवा होता शिरीषच्या सासूबाईंसाठी.

सासूबाई सांगलीहून लेकीकडे आल्या होत्या. फ्लॅश उडाला की त्यांचे डोळे मिटलेच! "तुमच्या लग्नाचा अल्बम बघा, शिरीषराव," त्या म्हणायच्या, "वाटेल, मला झोपेतच उचलून आणलंय!"

परत जायच्या आधी त्यांना एकच फोटो हवा होता. नात ईरा हिच्या शाळेची कंदिलांची मिरवणूक होती आणि तिचा कागदी कंदील आजी-नातीनं मिळून केला होता. तो हातात धरून घरातले सगळे, आणि आजीचे डोळे उघडे! पण मिरवणूक अंधारात, उघड्यावर, आणि संधी एकदाच. शिरीषची झोप उडाली होती.

*

अभिजितनं लगेच प्लॅस्टिकचा घुमटासारखा डिफ्यूझर ऑर्डर केला. मीटिंग रूममध्ये रिझल्ट एकदम झकास! संध्याकाळी पार्किंगमध्ये ट्राय केला, तर फोटोत मी जवळजवळ नाहीच. त्यानं फ्लॅशचं डोकं आणखी वर केलं. पुन्हा काळोख.

"अरे, आत छतावरून उजेड परत येत होता," मी म्हणाले. "इथे छत कुठाय?"

अभिजित आभाळाकडे बघत म्हणाला, "थांब जरा. ढगांवरून यायला वेळ लागत असेल!"

*

मग शिरीषनं घरगुती उपाय केला. केक भाजायचा कागद रबरबँडनं फ्लॅशला बांधला. उजेड मऊ झाला, पण कागद होता तपकिरी. फोटोत सगळं घर पिवळंधमक!

त्याची बायको गौरी म्हणाली, "हे फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस हं! मावश्या काविळीची औषधं पाठवतील!"

*

पुढच्या शनिवारी छत्रीएवढा सॉफ्टबॉक्स, म्हणजे दांडीवर बसवलेली कापडी पेटी, भाड्यानं आणला. माइन नदीच्या काठी उभा केला आणि वारा सुटला. सॉफ्टबॉक्स पुढे, मी मागे!

कुत्र्याला फिरवणाऱ्या एका जर्मन आजोबांनी तो अडवला आणि आमचे फोटो होईपर्यंत दांडी घट्ट धरून उभे राहिले. निघताना अगदी गंभीरपणे म्हणाले, "असं बघा, उजेड छान आहे. पण याच्यासोबत एक माणूसही भाड्यानं घ्या!"

*

शेवटी पांढऱ्या कापडाचा, डब्याएवढा, घडी होणारा डिफ्यूझर ठरला. वाऱ्यात टिकतो आणि जवळून फोटो काढला तर उजेडही पुरतो. रंगीत तालमीला सासूबाई (एव्हाना आम्हीही त्यांना आईच म्हणत होतो) खुर्चीत बसल्या. डोळे मिटलेलेच! शिरीष रडायच्या बेतात.

मग माझ्या लक्षात आलं. फ्लॅश ऑटोवर असला की खऱ्या फ्लॅशच्या आधी एक बारका फ्लॅश उडतो. आई त्यालाच डोळे मिटत होत्या! मी फ्लॅश मॅन्युअलवर टाकला, म्हणजे तो बारका फ्लॅश बंद.

"म्हणजे डोळे चांगलेच आहेत माझे," आई म्हणाल्या. "मी फक्त वेळेच्या आधी हजर असते. जर्मनीत हे चालतं!"

*

मिरवणुकीच्या संध्याकाळी शिरीषनं कॅमेरा माझ्या हातात दिला. "तूच काढ. मला फोटोत उभं राहायचंय."

मध्ये कंदील धरून आई, शेजारी ईरा, दुसऱ्या बाजूला गौरी आणि शिरीष. "आजी, आउगेन आउफ!" ईरा ओरडली. "डोळे उघडे, डोळे उघडे," गौरी पुटपुटत होती. मी बटण दाबलं.

स्क्रीनवर फक्त आईंचा चेहरा मोठा करून बघितला. कंदिलाचा उजेड आईंच्या गालावर, आणि डोळे टक्क उघडे! "उघडे आले!" मी ओरडले. शिरीष कॅमेरा घेऊन आईंकडे धावला.

आईंनी चष्मा लावला आणि कॅमेरा जवळ धरून फोटो कितीतरी वेळ बघितला. फोटोत शिरीष, गौरी आणि ईरा, तिघंही माना वळवून आईंच्या डोळ्यांकडे बघत होती.

"माझं छान आलंय," आई म्हणाल्या. "पण तुम्हा तिघांना कॅमेरा कुठाय ते कोणी सांगितलं नव्हतं का?"