सुट्या वायरींवर चार्ज झालेली गाडी

भूत, भानामती, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. साकोलीला हायवेला लागून माझं सोलर फिटिंगचं दुकान आहे. आमच्या धंद्यात करंट असतो किंवा नसतो, मधलं काही नाही. आणि पुढे जे लिहितोय त्यात मी चांगला माणूस ठरत नाही, तेही मला माहीत आहे. ज्याला नावं ठेवायची त्याने खुशाल ठेवावी.

मी आणि प्रफुल्ल, दोघंही शहापूरच्या एका बॅटरीवाल्या मास्तरांच्या हाताखाली शिकलो. एकाच वेळी, सहा वर्षं. काम माझं जास्त साफ, पण मास्तरांचा जीव प्रफुल्लवर. डबा उघडला की भाजी आधी त्याच्या पानात. गेल्या वर्षी मास्तर वारले, तर जाण्याआधी व्होल्ट मोजायचा स्वतःचा मल्टीमीटर त्याला देऊन गेले. मला काय, तर "दुकान नीट चालव" एवढा निरोप. तेव्हापासून पोटात जे दुखायला लागलं ते थांबलं नाही... खोटं कशाला बोलू.

या उन्हाळ्यात प्रफुल्लने एक जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची राहायची गाडी केली. नागझिऱ्याला जंगल पाहायला येणाऱ्यांसाठी. आत बिछाना, छोटा फ्रीज, पंखा आणि टपावर दोन सोलर पॅनल. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरांना पसंत पडली तर ते अजून दोन बनवून घेणार होते. फक्त अट अशी, की गाडी दोन दिवस जागेवर उभी ठेवून फ्रीज-पंखा सलग चालवून दाखवायचा.

त्याच्या आदल्या दिवशी चार्ज कंट्रोलरची सेटिंग तपासायला त्याने मलाच बोलावलं. हा पॅनल आणि बॅटरीच्या मधला डबा — पॅनलचा करंट बॅटरीला झेपेल एवढाच सोडतो. सेटिंग बरोबर होती. सगळंच बरोबर होतं, आणि त्याचाच मला राग आला. प्रफुल्ल चहा सांगायला गेला तेवढ्यात मी पॅनलच्या दोन्ही वायरी कंट्रोलरमधून काढल्या, टोकांना काळी टेप गुंडाळली, मागे सरकवल्या आणि झाकण लावून दिलं. इंजिनावरून ही बॅटरी चार्ज व्हायची सोयच नव्हती. म्हणजे एका दिवसात ती डाउन होणार आणि डॉक्टर नाक मुरडून जाणार. चहा मात्र मी त्याच्याच बाजूला बसून प्यायलो.

दोन दिवस झाल्यावर दुपारी मुद्दाम गेलो. म्हटलं, जरा सांत्वन करू. तर डॉक्टर फ्रीजमधलं गार पाणी पिऊन, दोन गाड्यांची ऑर्डर देऊन नुकतेच निघालेले.

प्रफुल्ल बाहेर फोनवर बोलत होता. मी आत जाऊन झाकण काढलं. दोन्ही वायरी तशाच सुट्या. टेप माझीच, जशी गुंडाळली होती तशीच. आणि स्क्रीनवर पॅनल छत्तीस व्होल्ट, चार्जिंग चालू! वायरी जिथे बसतात त्या रिकाम्या टर्मिनलला माझा मीटर लावला. छत्तीस. बॅटरी बाराची, तिच्याकडून छत्तीस येणं शक्यच नाही. टपावर चढून दोन्ही पॅनलवर ताडपत्री टाकली, खाली येऊन वायरींची टेप सोडली. वायरींच्या टोकांवर मीटर जेमतेम काहीतरी दाखवत होता. रिकाम्या टर्मिनलवरचा आकडा हलला नाही.

घाईघाईने वायरी जागेवर जोडल्या, ताडपत्री ओढून काढली, झाकण बसवलं. तेवढ्यात प्रफुल्ल आत आला आणि माझ्याकडे पाहून हसला.

"काल अथीच गाडीत मले डोळा लागला गा," तो म्हणाला. "सपनात मास्तर आले. या डब्यावर हात ठेवून बसले होते. मी म्हनलं, मास्तर, काय पाहून राहिले? तं म्हने, चालू दे, मी आहो इथं."

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी विचारलं, "माह्याबद्दल काही बोलले का?"

प्रफुल्लने खरंच आठवून पाहिलं. "नाही गा. तुह्यं नाव नाही काढलं."

त्याला मी आजपर्यंत काही सांगितलेलं नाही. कंट्रोलरच्या कंपनीतल्या इंजिनियरला मात्र फोन केला होता. तो म्हणाला, असं होऊच शकत नाही. ते मलाही माहीत आहे. मास्तरांनी माझं पाप झाकलं, की मी त्यांच्या ध्यानातच नव्हतो — यातलं खरं काय, तेही मला कळत नाही.

हल्ली दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी माझ्या दुकानातल्या पॅनलच्या वायरी काढून ठेवतो आणि कंट्रोलरसमोर स्टूल घेऊन बसतो. कधी अर्धा तास, कधी जास्त. आकडा अजून एकदाही शून्याच्या वर गेलेला नाही.