चार दांड्यांचा राउटर

पोटच्या पोराचा चेहरा बघायला मला जावेच्या दारात जावं लागत होतं. मुलगा फौजेत, तिकडे वर बर्फात. इस्लामपूरजवळच्या आमच्या गावात मोबाइलची रेंज अशी, की व्हिडिओ कॉल लावला की आधी त्याचं तोंड हलायचं आणि शब्द मागून यायचे. धाकट्या जावेकडे मात्र वायफाय होतं, लेकीच्या कॉलेजसाठी घेतलेलं. त्यामुळे पोरगा तिच्याच फोनवर कॉल करायचा. ती आधी पोटभर बघून घ्यायची आणि मग भिंतीपलीकडून हाक मारायची, "आक्का, या लवकर, तुमचा ल्योक आलाय बगा!"

पदराला हात पुसत मी पोचेपर्यंत त्यानं काय खाल्लं, थंडी किती आहे, सगळं तिला कळलेलं असायचं. वर मलाच सांगायची, "वाळलाय जरा, न्हाई का?" माझा लेक वाळला हे मला तिनं सांगावं! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तोंडानं मात्र "व्हय बाई" म्हणायचं, कारण वायफाय तिचं.

शेवटी मी मालकांच्या मागे लकडा लावला आणि त्यांना इस्लामपूरला दुकानात नेलं. दुकानदार बिचारा विचारत होता, घर केवढं, भिंती कसल्या, फोन कुठल्या खोलीत जास्त वापरता. मी एवढंच विचारलं, "ह्याला दांड्या किती?" जावेच्या राउटरला त्या उभ्या अँटेना दोन होत्या. मला चार पाहिजे होत्या.

"बैलाचं दात बगावंत तशा दांड्या काय मोजतीस?" मालक म्हणाले. मी ऐकलं नाही. चार दांड्यांचाच घेतला.

वायर जोडायला माणूस आला तेव्हा पुन्हा वाद. मालकांचं म्हणणं, राउटर माजघरात ठेवू, म्हणजे पुढं सोप्याला आणि मागं स्वयंपाकघराला सारखा पोचेल. पण माजघरात तो दिसणार कुणाला? सोप्यातल्या शोकेसमध्ये, मुलाच्या वर्दीतल्या फोटोशेजारी, मी त्याला जागा केली. शोकेस जावेच्या बाजूच्या भिंतीला टेकून आहे आणि दारातून आत आलं की पहिली तीच दिसते. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि जावेला चहाला बोलावलं.

"लय भारी हाय की ओ आक्का," ती म्हणाली. तिचं तोंड उतरेल म्हणून मी बघत बसले. उतरलं नाही. त्याचाही मला रागच आला.

पासवर्ड मुलानंच ठरवून जोडणाऱ्याला फोनवर सांगितला होता. "भिंतीपलीकडं द्यायचा न्हाई हं," मी त्याला बजावलं. "न्हाई गं आई," तो म्हणाला.

त्यानंतर कॉल माझ्या फोनवर यायला लागले. आता मी हाक मारायची आणि जावेनं पळत यायचं. हाक मारायला मला अंमळ उशीरच व्हायचा. पण चुलीपुढं भाकरी थापत बसले असले की पोराचं चित्र अडकायचं. मधल्या भिंती जुन्या, दगडाच्या, हातभर जाड. परातीतलं पीठ तसंच टाकून मी सोप्यात पळायचे. मालक नुसते माजघराकडे बघायचे. जावेकडची भिंत तेवढी वाटणीच्या वेळी घाईनं घातलेली, एका विटेची. तिकडं कुणी शिंकलं तरी इकडं ऐकू येतं.

ऊसतोडीचा हंगाम आला आणि एका उंच भरलेल्या ट्रॉलीनं जावेची वायर तोडून नेली. तिचं नेट बंद पडलं. तोंडानं मी हळहळले. मनातून खूश होते.

एका दुपारी शोकेस पुसत होते, तर भिंतीपलीकडून माझ्या मुलाचा आवाज आला. स्वच्छ, कुठंही न अडकता. माझा फोन मात्र फडताळात गप्प. जावेची वायर तर अजून रस्त्याकडेला लोंबत होती. म्हणजे हा माझाच राउटर चालला होता, माझ्याच दांड्या! आयत्या बिळावर नागोबा. आणि पासवर्ड देणारा दुसरा कोण असणार? हात राउटरच्या बटणावर गेलासुद्धा.

"पाय घसरला काकी. प्लास्टर घातलंय, दवाखान्यात हाय," तो सांगत होता. "आईला सांगू नगासा. जेवायची न्हाई ती."

"दुकतंय का रं लई?" जाऊ रडत विचारत होती. ते मी विचारायचं होतं. पहिल्यांदा मी विचारायचं होतं. बटण दाबलं असतं तर तिचं तोंड बंद झालं असतं, पण त्याचंही झालं असतं. मी हात काढून घेतला आणि तिथंच खाली बसून शेवटपर्यंत ऐकलं.

जरा वेळानं माझा फोन वाजला. मी राउटरपुढंच होते, चित्र आरशासारखं. चेहरा तेवढा दिसत होता, छातीच्या खाली काही नाही. हसत होता.

"मजेत हाय गं आई."

पाय दाखव, असं अगदी जिभेवर आलं. गिळलं. "जेवलास का?" म्हणाले. मग म्हणाले, "काकीलाबी फोन करत जा रं अधनंमधनं. बरं वाटंल तिला."

"करीन की कवातरी," तो म्हणाला. लबाड.