गायकवाड साहेबांचे दोन कॅमेरे

शेजारून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. त्यामुळे दोन घरांत एकदा डबा सुरू झाला की तो थांबत नाही. किश्शांचंही तसंच. समोरच्यानं एक सांगितला की आपल्यालाही एक द्यावा लागतो, आणि साठत जातात. माझ्याकडे साठा जरा जास्त आहे, कारण कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचा फ्लॅट आमचा, आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट पार्किंगमध्ये उघडते. लोक म्हणतात, मी डोकावते. मी पोळ्या करत असते. पार्किंग समोर येतं, त्याला मी काय करू?

गेल्या वर्षातले निम्मे किस्से एकाच गाडीचे आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या गायकवाड साहेबांची इलेक्ट्रिक गाडी. साहेब सरकारी मोजणी खात्यातून रिटायर झाले. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात नोकरी गेली. पत्नी सुजाताताई गेल्यापासून घरात एकटेच असतात. मुलगी संघमित्रा, म्हणजे आमची मित्रा, बंगळूरला असते. दर रविवारी साहेब गाडी काढतात आणि लोणी काळभोरला थोरल्या बहिणीकडे जातात. हा नेम कधी चुकलेला मी पाहिला नाही.

* * *

या गाडीला आवाज नाही. दुसऱ्या मजल्यावरचे जोशी सर, शाळेत गणित शिकवायचे, एका सकाळी पेपर वाचत वाचत गेटकडे चालले होते. त्यांच्या मागे मागे साहेबांची गाडी. सरांना हॉर्न द्यायचा साहेबांना संकोच, म्हणून तेही त्याच चालीनं गेटपर्यंत आले. तिथं सर पान उलटायला थांबले, सहज वळले, तर पुढ्यात बॉनेट.

"गायकवाड, गाडी घेतलीत की मांजर पाळलंत?"

"मांजर आडवं जातं, सर. मी मागून आलो," साहेब म्हणाले.

* * *

मग मागच्या बंपरवर एक ओरखडा आला. महिन्याभरात दुसरा.

साहेबांची जागा अशी आहे की गाडी काढताना मागेच घ्यावी लागते. मागे खांब, आणि खांबाला लागून माझी खिडकी. मित्रा सुट्टीला आली तेव्हा तिनं वाकून ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"बाबा, हे तुम्ही केलंत."

"मी नाही. उभ्या गाडीला कुणीतरी घासून गेलंय."

"पुरावा?"

जन्मभर लोकांकडे कागद मागितलेल्या माणसाला पोटच्या पोरीनं पुरावा मागितला. मित्राही वाईट नाही हो. वडील एकटे, वय सत्तरीला आलेलं, सोलापूर रस्त्यावर ट्रकांची ती गर्दी. तिला तिकडे झोप लागत नसणार. तिनं स्पष्ट सांगून टाकलं, "आणखी एक ओरखडा आला आणि तो तुमच्या हातून असला, तर किल्ली मी घेऊन जाणार. लोणीला टॅक्सीनं जा."

"टॅक्सीवाला अक्काला शेतावरून फिरवून आणेल का?"

"बाबा, विषय बदलू नका."

"बदलत नाही. पुढे एक आणि मागे एक कॅमेरा लावून घेऊ. मग कोण कुणाला घासतंय ते कळेल."

* * *

कॅमेरे बसवायला जावेदभाई आले. पन्नाशीचे गृहस्थ, चष्मा दोरीला बांधलेला. गाडी उघडून त्यांनी काम सुरू केलं तसे आमचे हे चार पावलं मागे सरकले. ह्यांनी कुठंतरी वाचलं होतं की असल्या गाडीत शेकडो व्होल्ट असतात.

"काका, मी छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून वायर घेतोय," जावेदभाई म्हणाले. "त्या मोठ्या बॅटरीला मीसुद्धा लांबूनच नमस्कार करतो."

ह्यांनी लांबूनच मान डोलावली आणि आणखी एक पाऊल मागे घेतलं.

पुढचा कॅमेरा आरशामागे काचेला चिकटवायचा होता. जावेदभाईंनी अंदाजानं हात लावला, तर साहेब म्हणाले, "थांबा." वर जाऊन टेप घेऊन आले. एक टोक माझ्या हातात दिलं. "वहिनी, काचेच्या कडेला धरा आणि बरोबर असेल तर बरोबर म्हणा." मी म्हटलं, "बरोबर." मग दुसऱ्या बाजूनं मोजलं, मग वरून खाली. मध्य निघाला, त्यावर पेन्सिलीनं फुली मारली. मागच्या काचेवर पुन्हा तेच. जावेदभाई हातात कॅमेरा घेऊन उभे.

"साहेब," ते शेवटी म्हणाले, "कॅमेरा लावायचाय, सातबारा काढायचा नाहीये."

साहेब हसले नाहीत. टेप गुंडाळता गुंडाळता मला म्हणाले, "मोजणीत असंच असतं, वहिनी. आपण एका टोकाला, दुसरा माणूस दुसऱ्या टोकाला. मध्ये ऊस, बाभळी, काहीच दिसत नाही. तो ‘येऊ द्या’ म्हणाला की टेप पुढे सोडायची, ‘बास’ म्हणाला की थांबायचं. त्याच्या शब्दावर सगळी नोकरी केली."

गाडी मागे घेतानाही त्यांचं तेच. काच खाली, डोकं बाहेर, आणि कान उघडे. सेन्सर पीं पीं करत असतो, पण त्याचा त्यांना भरवसा नाही. त्यात आमच्या सोसायटीत कुणी गाडी मागे घेतली की जो कुणी असेल तो आपणहून म्हणतोच, "येऊ द्या, येऊ द्या, बास." नाही म्हटलं तर माणूस शिष्ट वाटतो.

* * *

कॅमेऱ्यात आवाजही येतो हे कळलं आणि पार्किंगमधली भाषा सुधारली. मागच्या टायरला लाथ मारून हवा बघायची जोशी सरांची सवय गेली. आमचे हे तर रिकाम्या गाडीलाही "नमस्कार साहेब" म्हणून पुढे जायला लागले.

गाडी उभी असतानाही समोर काही हललं की कॅमेरा आपोआप सुरू होतो. एका संध्याकाळी जिन्यात भेट झाली तेव्हा मी विचारलं, "काय साहेब, सापडला का कुणी?"

"आज एकवीस क्लिप आहेत, वहिनी. चौदा क्लिपमध्ये तुम्ही आहात."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्यांत मांजर आहे."

* * *

दसऱ्याला आमच्या ह्यांनी मंडईतून झेंडू आणला आणि पार्किंगमधल्या झाडून सगळ्या गाड्यांना माळा घातल्या. साहेब त्या दिवशी सकाळीच धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी पायी विहारात गेले होते. ह्यांनी त्यांच्या गाडीलाही माळ घातली, तीही चांगली पुढच्या काचेवर आडवी. मी म्हटलं, त्यांच्यात हे करत नाहीत, विचारायचं तरी. तर हे म्हणाले, "सगळ्यांना घालून एकालाच कसं वगळायचं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी माळ सोडवून नीट घडी करून आमच्या दाराच्या कडीला अडकवली. ह्यांना म्हणाले, "कालचं सगळं रेकॉर्डिंग बघितलं. झेंडू चांगला होता. टवटवीत."

* * *

एका रविवारी मीही त्यांच्याबरोबर लोणीला गेले. भाजी स्वस्त मिळते हे कारण सांगितलं. खरं म्हणजे मला अक्का बघायच्या होत्या.

अक्का ऐंशीच्या पुढच्या. गुडघे गेलेले, आठवडाभर खाटेवर. गाडी दाराशी लागली की घरातल्या दोघींनी धरून त्यांना पुढच्या सीटवर बसवायचं, मग साहेब त्यांना शेताच्या रस्त्यानं, कालव्यापर्यंत आणि परत, बैलगाडीच्या चालीनं हिंडवून आणतात. एवढंच त्यांचं बाहेर पडणं. वाटेत त्या प्रत्येकाच्या पिकाला नावं ठेवत होत्या.

"बाळू, हे काळं काय लावलंस काचंला?"

कर्वेनगरमध्ये ज्यांना सगळे साहेब म्हणतात ते लोणीत बाळू आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"कॅमेरा आहे, अक्का. आपण बोलतो तेही त्यात जातं. मित्रा आली की ऐकेल."

अक्का पुढे झुकल्या. कॅमेऱ्यापाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "मित्रे, तुझा बाप गाडी झ्याक चालवतो. किल्ली काढून घेतलीस तर मी हितनंच वरडंन. ऐकाय येतंय का?"

मग मागे वळून मला म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाय. पण बंगळूर लई लांब हाय."

* * *

दिवाळीला मित्रा आली. बॅग घेऊन वर जाण्याआधीच तिनं गाडीला एक चक्कर मारली, आणि मागच्या बाजूला थांबली. मी खिडकीत होते. बंपरचा एक कोपरा चेपला होता. आधीचे दोन नुसते ओरखडे होते, हा चांगला पोचा होता.

मी चकल्यांचा डबा भरला आणि तिसऱ्या मजल्यावर गेले. डबा द्यायचाच होता.

वर दोघं समोरासमोर बसलेले. गाडीची किल्ली टीपॉयवर मधोमध. साहेबांनी ती स्वतःच काढून ठेवली होती.

"माझ्या हातून झालं," ते सांगत होते. "गेल्या रविवारी. मागे घेताना खांब लागला. ठरलं तसं कर."

"क्लिप बघू."

"क्लिप राहिली नसणार. कार्ड भरलं की जुनं पुसलं जातं. जावेदभाईंनी सांगितलंय."

"धक्का बसलेली क्लिप पुसली जात नाही, बाबा. ती लॉक होते. हेही सांगितलं असेल त्यांनी."

मित्रा खाली जाऊन कॅमेऱ्यातलं कार्ड घेऊन आली आणि तिनं ते लॅपटॉपला लावलं. मी डबा हातात धरून उभीच. निघावं असं मनात आलं, पण पाय निघेना.

मागच्या कॅमेऱ्याचं चित्र सुरू झालं. लांब खांब, खांबाशेजारी माझी खिडकी. गाडी सावकाश मागे यायला लागली. सेन्सरची पीं पीं सुरू झाली. आणि खिडकीतून बाईचा खणखणीत आवाज आला.

"येऊ द्या, येऊ द्या."

खांब जवळ आला. पीं पीं भरभर व्हायला लागली.

"अहो येऊ द्या, जागा भरपूर आहे."

खांब अगदी काचेशी आला. गाडी जराशी थबकली.

"वन्सं, अजून दोघं असले तरी येऊ द्या."

ठप्प.

नणंदेचा फोन होता. भाऊबीजेला किती जण येऊ, असं विचारत होत्या. मी खिडकीला पाठ करून पोळ्या लाटत होते आणि फोन स्पीकरवर ठेवला होता. मागे गाडी सुरू झाली हे मला कळणार कसं, तिला आवाजच नाही. ठप्प झालं ते मला वाटलं वरच्या मजल्यावर पाटा पडला. आधीचे दोन ओरखडे कधीचे, आणि तेव्हा मी कुणाशी बोलत होते, हे आठवायला मी गेले नाही.

मित्रानं क्लिप थांबवली. माझ्याकडे बघितलं नाही, वडिलांकडे बघितलं.

"बाबा, सेन्सर एवढा ओरडत होता. तरी का आलात?"

"दुसऱ्या टोकाचा माणूस येऊ द्या म्हणत होता."

"कोण माणूस?"

साहेबांनी माझ्या हातातला डबा घेतला, झाकण उघडलं, एक चकली मोडून तोंडात टाकली. नीट चावून झाल्यावर म्हणाले, "मांजर."

मित्रा लॅपटॉप मिटून, डबा घेऊन आत गेली आणि परत आली. मग तिनं टीपॉयवरची किल्ली उचलली, वडिलांच्या शर्टाच्या खिशात टाकली, आणि डबा माझ्यापुढे धरला. डबा भरलेला होता. चकल्या काढून घेऊन तिनं आणलेला म्हैसूरपाक त्यात भरला होता.

"काकू," ती म्हणाली, "उद्या रविवार आहे."

रविवारी सकाळी मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दिला. गाडी बाहेर निघायच्या वेळी खिडकीत उभी राहिले, तोंडावर पदर घट्ट धरून. शेजारच्या सीटवर मित्रा बसलेली. साहेबांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढलं. गाडी हलेना. पार्किंगमध्ये कुणी बोलेना. जोशी सर पेपर घेऊन जिन्यात थांबले, आमचे हे नळापाशी थांबले.

"वहिनी," साहेबांनी विचारलं, "फोनवर आहात का?"

मी पदराआडून मान हलवली. नाही.

"मग म्हणा."